तारांकित

शाळेतून निवृत्त होताना
एक कोरं हजेरीपत्रक पिशवीत घालून आणलं.
चोरीच म्हणा. एकतीस वर्षांत तेवढीच.
त्यात आता एकच नाव आहे :
आमचे खासदार.

अधिवेशनाच्या दिवसांचे रकाने,
आले की ह, नाही आले की शून्य,
शनिवार-रविवारवर लाल शाईची उभी रेघ,
वर्गात मारायचो तशीच.

वाचून दाखवते शेजारची आर्शिया,
बारावीची. मोबाईल तिचा, रिचार्ज माझा.
"सर, आज काहीच नाही बोलले."
"प्रश्न?"
"एक आहे. अतारांकित."
मग आम्ही दोघं ओट्यावर बसून
नारळाच्या निर्यातीचं लेखी उत्तर वाचतो,
चार पानं, तक्त्यासहित.
आमच्या जिल्ह्यात नारळ फक्त मारुतीपुढे फुटतो.

तिला फरक सांगितला :
तारांकित म्हणजे तोंडी, मंत्र्याला उठावं लागतं,
अतारांकित म्हणजे कागदाला कागद.
ती म्हणाली, म्हणजे आमच्यासारखंच, तोंडी आणि लेखी.
हो म्हणालो. फक्त इथं
नापास कोण झालं ते कळत नाही.

प्रयाग आतून विचारते,
"कामून लिहायलेत रोज? ते काय तुमचा पगार काढणारेत?"
उत्तर नाही माझ्याकडे.
माहिती गोळा करण्यात येत आहे,
असं म्हणून पाहिलं.
तिनं कुकरची शिट्टी काढून ठेवली.

निवडणूक जवळ आली तसा एक पोरगा आला,
पांढरा शर्ट, दोन फोन.
"सर, तुमच्याकडं पक्का हिशोब आहे म्हणे. किती टक्के?"
शहाऐंशी, मी म्हणालो, पण शेजारचा रकाना बघा,
भाषणं तीन, तारांकित शून्य,
रेल्वे फाटकाबद्दल पाच वर्षांत एक शब्द नाही.
त्यानं पहिल्याच रकान्याचा फोटो घेतला.
चहा अर्धा ठेवून गेला.
फ्लेक्सवर त्र्याण्णव आले.

तो फ्लेक्स नेमका फाटकाजवळच.
मालगाडी निघेपर्यंत
सगळं गाव त्याच्यापुढं उभं असतं,
दुधाचे कॅन, टमटम, लग्नाचा बँड,
आणि सायकलीवर एक पाय टेकून आर्शिया.
पहिला तास तिचा रोज फाटकात जातो.
मागच्या महिन्यात कॉलेजनं नोटीस दिली :
उपस्थिती अडुसष्ट टक्के,
परीक्षेला बसू द्यायचं की नाही, पालकांना घेऊन या.
अब्बा सौदीला, म्हणून मी गेलो.
प्राचार्य माझाच विद्यार्थी. उभा राहिला,
पण नियम नियमच आहे म्हणाला.
मीच शिकवलं होतं त्याला ते.

हिवाळी अधिवेशनात, मंगळवारी, शून्य प्रहरात
ते उठले.
आर्शिया ओरडत आली, "सर, फाटक! फाटक म्हणले!"
एक मिनिट दहा सेकंद.
तीन वेळा लावून बघितलं आम्ही.
गावाचं नाव घेताना थोडे अडखळले,
पुढं काही बोलायच्या आत माईक बंद,
ओठ मात्र हलत राहिले.
दुसऱ्या दिवशी छापील कामकाजात
आमच्या गावाच्या जागी शेजारच्या तालुक्याचं गाव,
आणि त्याच्यापुढं कंसात : व्यवधान.

रात्री पत्रक उघडलं.
ह लिहिला. पुरेसा वाटला नाही.
शेजारी एक चांदणी काढली, वाकडी,
हात थरथरतो हल्ली.
खाडाखोड चालत नाही हजेरीपत्रकात,
म्हणून राहू दिली.
मग मागच्या कोऱ्या पानावर, शाळेच्या सवयीनं,
अनुक्रमांक दोन :
शेख आर्शिया महेमूद.

सकाळी फाटक बंद होतं.
ती डबे मोजत होती.
मी तिच्या मागं उभा राहिलो, वही काखेत.
एकेचाळीस, बेचाळीस.
"सर, आज लांब आहे," ती म्हणाली.
मी लाल शाई खिशातच ठेवली.